घास तेलाचा, श्वास गंजाचा!

माहीत आहे का, साचलेल्या पाण्यावरचा प्रत्येक इंद्रधनुषी तवंग तेलाचा नसतो?

भातखाचराच्या बांधालगत, पाणथळ जागी किंवा झऱ्याच्या तोंडाशी असा चकचकीत थर दिसला, तर एक काडी घ्या आणि त्यातून फिरवा. तवंग काडीमागोमाग वाहत येऊन पुन्हा एकजीव झाला, तर ते तेल. पण फुटक्या काचेसारखे त्याचे कोनेदार तुकडे पडले आणि ते वेगवेगळे तरंगत राहिले, तर अभिनंदन! तुम्हाला लोहाशी खेळणारे बॅक्टेरिया भेटले.

लॅब नको, फी नको, रिपोर्टची वाट बघणं नको. एक काडी बस्स!

आता याच मंडळींच्या नातेवाइकांना भेटायला थोडं खाली उतरू. मातीत, गाळात, भूजलात. तिथे असे जीव राहतात जे गंजाने श्वास घेतात, पेट्रोलमधलं विष पचवतात, विजेच्या तारा विणतात आणि गरज पडली तरच शेपूट काढतात. लोखंडाचे चणे खाणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. यांच्याकडे ती रोजची सवय आहे.

गंजाने श्वास? तो कसा?

आपण जेवतो, तेव्हा अन्नातून इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते कुणीतरी घ्यायला हवेत, नाहीतर शरीराचं यंत्र ठप्प. आपल्यासाठी हे काम ऑक्सिजन करतो, म्हणून तर आपण श्वास घेतो. पण चिखलाखाली ऑक्सिजन पोचतच नाही. मग तिथले बॅक्टेरिया इलेक्ट्रॉन देतात कुणाला? गंजातल्या लोहाला! एक इलेक्ट्रॉन मिळाला की घट्ट बसलेलं फेरिक लोह फेरस होतं आणि पाण्यात विरघळतं. आपण हवेत श्वास सोडतो, हे दगडावर सोडतात.

याचा पुरावा तुमच्या मोरीत असू शकतो. बोअरचं किंवा हातपंपाचं पाणी संध्याकाळी बादलीत भरलं तेव्हा काचेसारखं नितळ. सकाळी बघावं तर तांबूस, तळाशी विटकरी गाळ आणि बादलीला आतून पिवळट कडं. बाहेरून काही पडलेलं नसतं. जमिनीखाली विरघळलेलं लोह रंगहीन होतं, वर येऊन हवा लागली आणि त्याचा पुन्हा गंज झाला. अनेक ठिकाणी ते लोह विरघळवण्यात याच बॅक्टेरियांचा हात असतो. विदर्भात ज्या भांड्याला गंज म्हणतात, त्यात हे पाणी रात्रभर ठेवलं तर काय होईल? गंजात गंज!

जमिनीखालच्या पंगतीत वाढप ठरलेलं असतं, बरं का. सगळ्यात जास्त एनर्जी देणारा ऑक्सिजन आधी संपतो. मग नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह. त्यानंतर सल्फेट, म्हणजे सडक्या अंड्याचा वास सुरू. आणि अगदी शेवटी मिथेनचे बुडबुडे. चिखलाचा रंग आणि वास जाणणारा माणूस खाली पंगत कुठवर आली आहे ते सांगू शकतो.

कोकणातल्या तांबड्या मातीच्या खाचरात हे डोळ्यांनी दिसतं. पाणी भरून काही दिवस झाले की चिखलात हात घाला. वरचा पातळ थर तपकिरी, त्याखाली मात्र करडा, निळसर गारा. तांबडा रंग गेला कुठे? श्वासात गेला! आता भाताचं एक रोप अलगद उपटा आणि मुळं खळबळून धुवा. मुळांवर तांबूस लेप दिसेल. भाताच्या देठात पोकळ नळ्या असतात, त्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते. मुळातून थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपला की शेजारच्या विरघळलेल्या लोहाचा जागच्या जागी गंज होतो. म्हणजे रोपाने पायात लोखंडी मोजे घातलेले असतात!

बाटलीला चिकटलं लोहचुंबक

साल १९८७. अमेरिकेच्या भूविज्ञान खात्यातले डेरेक लव्हली आणि सहकारी वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीचा गाळ तपासत होते. बाटलीत तपकिरी गंज घातला, हवा काढून टाकली आणि गाळातले बॅक्टेरिया सोडले. काही दिवसांत तपकिरी पूड काळी पडली. बाटलीजवळ लोहचुंबक नेलं, तर पूड त्याच्याकडे सरकली! बॅक्टेरियांनी गंजाचं मॅग्नेटाइट केलं होतं, चुंबकाला चिकटणारं खनिज.

या पठ्ठ्याचं आधीचं नाव होतं जीएस-१५. १९९३ मध्ये त्याचं रीतसर बारसं झालं: जिओबॅक्टर मेटॅलिरिड्युसेन्स. नाव लांबलचक, अंगाने मात्र एका मिलिमीटरचा काही हजारावा हिस्सा.

१९८९ मध्ये त्याने दुसरा धक्का दिला. पेट्रोलमध्ये असणारं टोल्यूईन हा बॅक्टेरिया ऑक्सिजनशिवाय, फक्त लोहाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडपर्यंत पचवतो असं दिसलं. तोवर असल्या वलयी रसायनांचा फडशा पाडायचा तर ऑक्सिजन हवाच, अशीच बहुतेकांची समजूत होती.

गंमत आकड्यात आहे. टोल्यूईनचा एक रेणू पूर्ण पचवला की ३६ इलेक्ट्रॉन निघतात आणि लोहाचा एक आयन घेतो फक्त एक. म्हणजे एका घासाला ३६ आयन! तोच घास ऑक्सिजनवर संपवायचा तर ९ रेणू पुरतात. म्हणूनच जमिनीत गंज भरपूर लागतो. आणि नशिबाने तो भरपूर असतो.

त्याच्या भावाचा पत्ता तर आणखी भारी. जिओबॅक्टर सल्फरिड्युसेन्स १९९४ मध्ये जगासमोर आला तो ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावच्या एका तेलकट खंदकातून. तोच पुढे जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका झाला.

गरज असेल तरच शेपूट

माहीत आहे का, जिओबॅक्टरला चालता येत नाही असं कितीतरी वर्षं मानलं जात होतं? कारण साधं होतं. प्रयोगशाळेत त्याला विरघळलेलं लोह आयतं मिळायचं. ताट समोर असताना उठून कोण जाणार? २००२ मध्ये संशोधकांनी घट्ट, न विरघळणारा गंज दिला, तेव्हा याने चक्क शेपट्या काढल्या आणि पोहत निघाला! वाट कशी सापडते? गंजाजवळून फेरस लोह झिरपत असतं, त्याचा माग काढत.

पोचल्यावर पुढचा प्रश्न. गंज घन आहे, तो पेशीच्या आत घेता येत नाही. मग इलेक्ट्रॉन बाहेर कसे पाठवायचे? उत्तर: वायरिंग करा! २००५ मध्ये जिओबॅक्टरच्या अंगातून निघणारे, वीज वाहून नेणारे बारीक तंतू जगापुढे आले. २०१९ मध्ये येल विद्यापीठातले निखिल मालवणकर आणि सहकाऱ्यांनी अशा एका तारेची अणूंच्या पातळीवरची रचना उलगडली. होय, मालवणकर! तार बनली होती प्रथिनांची आणि आत एकामागोमाग एक ओवलेले हीमचे रेणू. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं, त्याच कुळातलं हीम. जाडी म्हणाल तर केसाचा साधारण वीस हजारावा हिस्सा. महावितरणची वायर नव्हे, पण लोड घेते.

याच्या जनुकांचा नकाशा २००३ मध्ये छापून आला, तेव्हा इलेक्ट्रॉन हाताळणाऱ्या एकाच गटातल्या प्रथिनांसाठी शंभराहून जास्त जनुकं सापडली. एवढ्याशा जिवाचं अख्खं इलेक्ट्रिकलचं दुकान.

शेजारचा स्पर्धक वेगळ्या स्टाइलचा. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरातून केनेथ नीलसन आणि चार्ल्स मायर्स यांनी काढलेला शेवानेला ओनायडेन्सिस १९८८ मध्ये गाजला. तो इलेक्ट्रॉन पोचवायला रिक्षा सोडतो. रिक्षा कसली? फ्लेव्हिनची, म्हणजे आपल्या व्हिटॅमिन बी-२ च्या कुटुंबातल्या रेणूंची! पेशीतून रिक्षा निघते, गंजापाशी सवारी उतरवते आणि रिकामी परत येते. भाडं शून्य.

आणि शेवानेला हे नाव कुणाचं? मासे का नासतात याचा अभ्यास करणाऱ्या जेम्स शेवान या स्कॉटिश शास्त्रज्ञाचं. बाजारातली मासळी ते जमिनीतला गंज, केवढा हा पल्ला.

कुकरच्या शिट्टीला न भिणारा

घरचा प्रेशर कुकर शिट्टी देतो, तेव्हा आतलं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. दवाखान्यातली उपकरणं निर्जंतुक करतात ती १२१ अंशांवर. तिथे कुणी जगत नाही, हा भरवसा.

पॅसिफिक महासागराच्या तळाशी उकळत्या झऱ्यात सापडलेल्या एका जिवाने हा भरवसा मोडला. त्याला १२१ अंशांवर २४ तास ठेवलं, तर मरायचं सोडून तो दुप्पट झाला! २००३ मध्ये जाहीर झालेल्या या वीराचं टोपणनाव 'स्ट्रेन १२१'. तो श्वास कशावर घेतो? बरोबर ओळखलंत, लोहावर. काटेकोर बोलायचं तर हा बॅक्टेरिया नाही, त्यांचा दूरचा चुलतभाऊ आर्किया. पुढे २००८ मध्ये जपानी संशोधकांनी १२२ अंशांवर वाढणारा दुसरा एक आर्किया दाखवला. रेकॉर्ड तुटला, तो एका अंशाने.

आता थेट उलट टोक. अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीच्या पांढऱ्याशुभ्र कड्यावरून रक्तासारखा लाल ओघळ उतरतो. नावच रक्त-धबधबा, ब्लड फॉल्स. १९११ मध्ये ग्रिफिथ टेलर यांनी तो पहिल्यांदा पाहिला. लाल शेवाळ असेल, असं आधी वाटलं. निघालं लोह! बर्फाखाली लाखो वर्षं कोंडलेल्या खारट पाण्यात, अंधारात, ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव खडकातलं लोह सोडवतात. पाणी बाहेर आलं की हवा लागून लाल होतं. तुमच्या बादलीचीच गोष्ट, फक्त सेट भव्य.

तेल गेलं, तूप गेलं... मग राहिलं काय?

आता या फीचरचा सुपरस्टार. चित्रपटगृहातले दिवे मालवले आहेत असं समजा.

२० ऑगस्ट १९७९. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं बेमिजी गाव. मिसिसिपी नदीवरचं पहिलं शहर म्हणून ते मिरवतं. गावाबाहेरच्या जंगलातली ३४ इंची पाइपलाइन फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल उसळलं. पंप लावले, तेल उपसलं, काही जाळलं, तेलाने भिजलेली माती उचलली. तरी सुमारे ४ लाख लिटर तेल वाळूत मुरलं ते मुरलंच आणि खाली भूजलावर जाऊन तरंगू लागलं. तेलातलं बेन्झिन, टोल्यूईन पाण्यात उतरू लागलं. बेन्झिन म्हणजे कॅन्सरला आमंत्रण देणारं रसायन, पाण्यात नकोच.

१९८३ पासून शास्त्रज्ञांनी तिथे तळ ठोकला. शेकडो बारीक विहिरी खोदल्या आणि प्रदूषित पाण्याचा पट्टा कुठवर सरकतो ते वर्षानुवर्षं मोजलं. अपेक्षेपेक्षा तो खूपच रेंगाळला. कारण वाटेत आपली भूमिगत कार्यकर्त्यांची फौज बसली होती!

तेलाजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन आधीच संपला होता. मग पाण्यात विरघळलेलं लोह वाढू लागलं, म्हणजे खाली कुणीतरी गंजावर श्वास घेत होतं. नमुने तपासले, तर बेन्झिन पचत असलेल्या जागी जिओबॅक्टरच्या कुटुंबाची गर्दी! कुणी त्यांना आणून सोडलं नव्हतं, पगार नव्हता, आदेश नव्हता. वाळूच्या कणांवरचा गंज हीच त्यांची प्राणवायूची टाकी.

टाकी रिकामी होते का? होते. तेलाच्या अगदी जवळचा वापरता येण्याजोगा गंज संपत गेला, तशी तिथे मिथेन बनवणाऱ्यांची पंगत बसली आणि लोहवाले थोडे पुढे, ताज्या गंजाकडे सरकले. वाढप आठवतंय ना? क्रम अगदी तोच. भूगर्भशास्त्रज्ञांनी तिथल्या मातीचं चुंबकत्व मोजलं, तेव्हा तेलाच्या पट्ट्यात तेही वाढलेलं दिसलं. पोटोमॅकच्या बाटलीतली काळी पूड आठवा. फरक इतकाच की इथली बाटली फुटबॉलच्या मैदानाहून मोठी.

बेमिजीने जगाला एक मोठी गोष्ट शिकवली. काही ठिकाणी खोदाखोद करण्याऐवजी नीट पाळत ठेवून निसर्गाला काम करू देणं हा सुद्धा रीतसर, शास्त्रशुद्ध उपाय असतो. अट एकच: मोजत राहायचं. डोळे मिटून सोडून द्यायचं नाही.

व्हिनेगरची मेजवानी

कोलोरॅडो राज्यातल्या रायफल गावी जुन्या युरेनियम गिरणीचं उरलंसुरलं भूजलात मिसळलं होतं. शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये जमिनीत काय सोडलं? अ‍ॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाचा क्षार! मेजवानी मिळाल्याबरोबर जिओबॅक्टरची संख्या झपाट्याने वाढली. हे महाशय लोहासोबत युरेनियमलाही इलेक्ट्रॉन देतात. तसं झालं की विरघळणारं युरेनियम न विरघळणारं होतं आणि तळाला बसतं. पाण्यातलं प्रमाण उतरलं!

पण लगेच टाळ्या नकोत. पुढे सल्फेटवाल्यांनी पंगत काबीज केली आणि युरेनियम खाली बसवण्याचा वेग मंदावला. शिवाय युरेनियम नाहीसं होत नाही, फक्त जागेवर थांबतं.

ड्रायक्लीनिंगचा वास आठवतो? त्यातलं परक्लोरोइथिलीन जमिनीत मुरलं की दशकानुदशकं ठाण मांडतं. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सांडपाण्याच्या गाळातून असा बॅक्टेरिया वेगळा केला, जो याच रसायनावर श्वास घेतो! नाव डिहॅलोकोकॉइड्स. तो क्लोरीन एकेक करून काढतो आणि शेवटी उरतं इथिलीन, केळी पिकवणारा साधा वायू. धोका मधल्या पायरीवर आहे. योग्य बॅक्टेरिया नसले तर काम व्हिनाइल क्लोराइडवर अडकतं आणि ते मूळ रसायनापेक्षाही घातक. म्हणून अर्धवट सफाई नको, पुरी टीम हवी.

आता आवाज थोडा खाली

हेच बॅक्टेरिया एका मोठ्या शोकांतिकेतही आहेत. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात गढूळ तळ्यांऐवजी स्वच्छ पाणी मिळावं म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू शंभर टक्के चांगला. पण तिथल्या गाळातल्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं होतं. लोहावर श्वास घेणाऱ्यांनी गंज विरघळवला आणि पदराची गाठ सुटावी तसं आर्सेनिक पाण्यात सुटलं. २००४ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी बंगालच्या गाळावर प्रयोग करून बॅक्टेरियांची ही भूमिका दाखवून दिली. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आणि त्याहून कितीतरी जास्त आर्सेनिक असलेलं पाणी कोट्यवधी लोक प्यायले. बेमिजीच्या तेलाच्या पट्ट्यातही थोडं आर्सेनिक सुटलेलं सापडलं आहेच.

बॅक्टेरिया चांगले की वाईट? ते फक्त श्वास घेतात. पाणी तपासून घेणं आपलं काम.

जाता जाता, पटापट!

माहीत आहे का, जिवंत बॅक्टेरियाच्या पेटंटवरून अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट दणाणलं होतं? १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला आणि तेल पचवणाऱ्या बॅक्टेरियाचं पेटंट मिळालं ते आनंद मोहन चक्रवर्ती यांना. आपल्या बंगालचे सुपुत्र!

बॅक्टेरियांपासून वीज ही आयडिया आजची वाटते? डरहॅमचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच ती मोजून दाखवली होती. पुढे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने एक इलेक्ट्रोड पाण्याच्या तळच्या चिखलात आणि दुसरा वरच्या पाण्यात ठेवून हवामान नोंदवणारी तरंगती बोया चालवली. बॅटरीचं नाव चिखल!

आणि आपल्या पायाखाली? कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं. किलोमीटरहून जाड काळा बेसाल्ट ओलांडून ड्रिल खालच्या ग्रॅनाइटमध्ये शिरलं. खडकाचे नमुने खरगपूर आयआयटीच्या चमूने तपासले, तर त्या अंधारातही सूक्ष्मजीवांचे माग! भूकंप शोधायला गेले आणि शेजारी सापडले.

आता एक विनंती, अगदी मनापासून. गाडीचं जुनं इंजिन ऑईल, रंगाचा थिनर, उरलेलं रॉकेल अंगणात, गटारात किंवा विहिरीच्या काठी ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला किंवा जुनं ऑईल गोळा करणाऱ्याला द्या. बेमिजीत फुटलेला पाइप केव्हाच दुरुस्त झाला. खालचं तेल संपवायला मात्र लोहवाली मंडळी १९७९ पासून लागली आहेत आणि ते अजून संपलेलं नाही.